पाठीवरची बटणं

माझी धाकटी जाऊ कपडे शिवते, पण फक्त लहान मुलांचे. मोठ्यांचं माप आज एक, उद्या दुसरं, असं तिचं म्हणणं. आणि हे सांगताना ती हमखास माझ्या कमरेकडे बघते.

पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन आहे. गिऱ्हाइकांना दाखवायला तिने कधी नमुन्यांचं पुस्तक ठेवलं नाही. तिची साडेचार वर्षांची मुलगी हाच तिचा नमुना. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण पोरगी एका जागी ठरत नाही. नवा फ्रॉक अंगावर चढला की ती गल्लीभर मिरवून यायची आणि तिच्या मागोमाग कुणीतरी आई कापड घेऊन हजर.

एके दिवशी भिंगरीने फ्रॉक उलटा घातला. भरतकाम पाठीवर, बटणांची पट्टी पोटावर. जावेने हसत हसत सरळ केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोज सकाळी घरात रणधुमाळी. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुलांना त्यांचे कपडे निवडू द्या. जावेने कपाट सताड उघडलं. "घे बाई, तुझ्या मनाने निवड." भिंगरीने मनाने निवडला आणि मनानेच उलटा घातला.

समोरच्या बाई दारातून म्हणाल्या, "दिव्याखाली अंधार म्हणतात, ते काही खोटं नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावेने मात्र मशीन सुरू केलं. दुपारी काजं करता करता एकदम म्हणाली, "ताई, तिला माझ्या हातचं नको झालंय."

"काहीतरीच काय! विचारलंस का तिला?"

"दहादा विचारलं. कुठला रंग हवा, झालर हवी का. नुसती मान हलवते. आज दुकानातूनच आणते एक."

गल्लीतल्या निम्म्या पोरांना कपडे घालणाऱ्या बाईने स्वतःच्या लेकीसाठी तयार फ्रॉक विकत आणायचा! मला फार वाईट वाटलं तिचं.

ती पायांत चपला सरकवत होती, तेवढ्यात भिंगरीने विचारलं, "दुकानात पुढे बटणं असलेला मिळतो?"

"पुढे कशाला गं?"

"पाठीवर माझे हात पुरत नाहीत ना."

जाऊ चपलांसकट खाली बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! भरतकाम मोकळं दिसावं म्हणून ती इतकी वर्षं सगळ्या फ्रॉकांना मागेच बटणं लावत आली होती. रंग विचारला, झालर विचारली. पोरीला हवं होतं ते आपलं आपण घालता येणं.

संध्याकाळी तिने बदकाचा फ्रॉक समोर घेतला. बदक तिनेच भरलं होतं, चांगलं आठवडाभर खपून. कात्री बदकापाशी येऊन थांबली. मग तिने ती बदकाच्या मधोमध सरळ चालवली आणि पुढे मोठाली बटणं लावली.

सकाळी भिंगरी आरशासमोर उभी राहिली. जीभ बाहेर काढून एकेक बटण लावायला लागली. पहिलंच चुकलं, त्यामुळे पुढची सगळीच चुकत गेली. बदकाचं डोक्याकडचं अर्धं अंग वर राहिलं, शेपटाकडचं खाली. जावेचे हात शिवशिवत होते. तिने ते मांड्यांखाली दाबून धरले. भिंगरी तशीच शाळेला निघाली, समोरच्या बाईंना पोट पुढे काढून दाखवत.

पोर कोपऱ्यावरून वळेपर्यंत जाऊ दारात उभी होती.

"ताई, बटणं लावताना तिची मान रोज माझ्यासमोर असायची," ती म्हणाली. "शेवटचं बटण लावलं की मी तिथे एक पापा घ्यायची. आता कुठे घेऊ?"

माझी दोन्ही मुलं आता माझ्यापेक्षा उंच झालीत.

"तिलाच विचार," मी म्हटलं. "अजून सांगायच्या वयात आहे."