उपरणं परत कोणी मागायचं?

माझी शाळा चौथीत सुटली. तरी देश कसा चालवावा, यावर आमच्या गल्लीत माझ्यापुढे कोणी बोलत नसे.

आम्ही विणकर. मागावर चढवण्याआधी ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, गल्लीत लांबवर पसरून त्याला कुंच्याने तांदळाची खळ लावायची, ही पाजणी. ती सकाळच्या गारव्यातच व्हावी लागते. ऊन चढलं की खळ पसरायच्या आधीच सुकते, तार तारेला चिकटते आणि तुटते. गल्ली एक, माग पुष्कळ. सकाळ कोणाची, हे मुखिया ठरवायचा. त्याला पंच निवडायचे, खांद्यावर उपरणं टाकायचे. काम पटलं नाही की पंचांनी नुसता हात पुढे करायचा आणि मुखियाने उपरणं काढून द्यायचं. ते उपरणं माझ्या मागावरचं होतं.

पण पंच भांडत फार. एका हिवाळ्यात उपरणं इतक्या खांद्यांवरून फिरलं की पाळी कोणाची तेच कळेना. सगळ्यांचे ताणे घरात गुंडाळून पडले.

तेव्हा पेपरात वाद रंगला होता. खासदारांच्या भरवशावरचा पंतप्रधान नको, लोकांनी थेट राष्ट्रपती निवडावा, मुदतीपर्यंत त्याला कोणी हलवू नये. माझा साळा पानठेल्यावर ते मोठ्याने वाचायचा. एक दिवस म्हणाला, "आपल्या गल्लीतई असंच करू. साऱ्यांनी हात वर करून मुखिया निवडा. तीन वर्षं पंचायची कटकट नाही."

"अन् त्यानं अन्याय केला त?"

"काहून करन जी भाऊजी? साऱ्यांचा माणूस राहीन ना तो."

मारुतीच्या पारावर सगळे जमले. साळाच उभा राहिला. सगळ्यांचे हात वर, माझ्या बायकोचाही. माझा खाली.

घरी येताना ती म्हणाली, "तुमच्या एका हातानं काय अडलं?"

"अडलं नाही वं. पण दिसलं."

काही महिने पाळ्या नीट लागल्या, हे मी नाकारत नाही. मग सकाळ त्याच्या माणसांची झाली आणि मला दुपार आली. त्या मोसमात विणकरांच्या सोसायटीने पहिल्यांदाच मला बारीक सूत दिलं होतं. ते बिघडलं की पुन्हा जाड लुगडीच.

उन्हात आम्ही दोघं कुंचे घेऊन ताण्याच्या दोन्ही बाजूंनी धावलो. ती मध्येच ओल्या फडक्याने तारा पुसत होती. एक तार गेली, मग शेजारची, मग झुपकेच्या झुपके.

खळीचे हात तसेच घेऊन मी साळ्यापुढे गेलो. हात पुढे केला. "दे उपरणं."

तो हसला. "तुमी एकट्यानं देलं होतं का भाऊजी? तुमी त हातई वर नोता केला. साऱ्यांनी देलं, साऱ्यांले घेऊन या."

मी घरोघर गेलो. सकाळवाले म्हणाले, चाललं आहे ते बरं आहे. दुपारवाले म्हणाले, आहे ती दुपारही जाईल. उपरणं द्यायला अख्खी गल्ली होती. परत कोणी मागायचं, हे पारावर कोणी ठरवलंच नव्हतं.

घरी बायको तुटलेल्या तारा सांधत बसली होती. मी म्हणालो, "पंच असते त हे झालं नसतं."

"पंच असते त अजून भांडूनच राहिले असते. ताणा घरात पडला असता."

"पडला असता. तुटला नसता."

तिने पुढची तार उचलली. उरलेलं सूत सोसायटीने परत नेलं.

पंचांचीच रीत बरी, असं मी आजही ठासून सांगतो. फक्त तो भांडणाचा हिवाळा आठवला की आवाज पाहिजे तेवढा चढत नाही. मुदत संपेपर्यंत मी भर उन्हात जाड सुताची पाजणी करत राहिलो, आणि साळा पाहणी करत समोरून जायचा, माझ्या हातचं उपरणं खांद्यावर टाकून.