पोस्टरवरचा धबधबा

पोस्टरवर धबधबा होता. निळा-पांढरा, खाली खडक, बाजूला नारळाची झाडं.

"गोपभाई, हे काय?"

"फ्री में डाला, मॅडम. आपने लिखा था ना, फॉल्स? खाली जगह अच्छी नहीं दिखती."

"अहो, फॉल्स म्हणजे पडणं! म्हातारी माणसं पडतात, ते!"

गोपभाईंनी पोस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तो पहले बोलना था."

गोपभाई उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवायचे. नव्वदीची सुरुवात होती. एवढा मोठा कागद छापून देणारं आमच्या भागात कोणी नव्हतं. आणि कॉन्फरन्स दुसऱ्या दिवशी होती.

मी अंबरनाथला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात फिजिशियन होते. वार्धक्य आणि आरोग्य या विषयावर मुंबईत कॉन्फरन्स होती. मी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे संशोधनाचा गोषवारा, पाठवला होता. भाषणाला वेळ मिळाला नाही, पोस्टर मिळालं. सगळं काम एका मोठ्या शीटवर मांडायचं आणि शेजारी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजवायचं.

आमची फिरती ओपीडी बदलापूरपुढे बारवीकडच्या पाड्यांवर जायची. तिथली ब्लडप्रेशरची म्हातारी माणसं वारंवार पडत होती. कोणाचं मनगट, कोणाचा खुबा. सगळे म्हणायचे, वय झालं. मला कारण कळलं ते हिरूबाईकडून. खुबा मोडून खाटेवर पडली होती.

"तुमची गोळी घेतली का रातचं सारखं उठाया लागतं, बाई. भाईर काळोख. वट्यावरनं पाय घसरला."

ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. त्या सकाळी घ्यायच्या असतात. आमच्या हॉस्पिटलातून त्या सर्रास 'रात्री झोपताना' म्हणून दिल्या जात होत्या. ज्यांना मी सकाळी घ्यायला सांगितल्या, त्यांचं पडणं कमी झालं. पण पाड्यावर मी कधीमधी जाणार, गोळ्या हॉस्पिटल रोज देणार. म्हणून हे चारचौघांत मांडायचं होतं.

धबधब्यावर मी हिरूबाईच्या ओट्याचा मोठा फोटो चिकटवला आणि पोस्टर घेऊन आमच्या सुपरिंटेंडेंट सरांकडे गेले. त्यांच्या सहीशिवाय हॉस्पिटलचं नाव वापरता येत नव्हतं. त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचला आणि चष्मा काढला.

"म्हणजे पेशंटना आपण पाडतो?"

"गोळीची वेळ पाडते, सर."

"ती वेळ देतं कोण? ट्रस्टी मला काय म्हणतील? हा परिच्छेद काढा. 'अधिक संशोधनाची गरज आहे' असं लिहा."

"संशोधन झालंय, सर. तेच तर पोस्टर आहे."

"आणि माझं नाव दुसरं का?"

हॉस्पिटलचे प्रमुख म्हणून त्यांचं नाव माझ्यानंतर घातलं होतं; ते एकदाही पाड्यावर आलेले नव्हते. माझं डोकं सणकलं. पण हिरूबाईसारखी आणखी किती जणं ओट्यावरून उतरणार होती!

"नाव पहिलं घ्या, सर. परिच्छेद राहू दे."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग सही केली. मी पुन्हा कॅम्प चारला. गोपभाईंनी नावं बदलली आणि विचारलं, "अभी झरना नहीं चाहिए ना? पक्का?"

कॉन्फरन्समध्ये आमची जागा चहाच्या टेबलाशेजारी. लोक कपबशी घेऊन यायचे, पोस्टरला पाठ करून गप्पा मारायचे. पहिलं नाव त्यांचं, म्हणून सर पुढे उभे. मी मागे, चिडचिडत. दुपारी परीक्षक आले. वयस्क बाई, आवाज करडा. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"या गोळ्या रात्री देत कोण होतं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओट्याच्या फोटोकडे पाहिलं.

"आम्हीच," सर म्हणाले. मग छाती थोडी पुढे आली. "आणि चूक शोधलीही आम्हीच."

"हे कबूल करायला हिंमत लागते, डॉक्टर," बाई म्हणाल्या आणि त्यांच्याशी हात मिळवला.

बक्षीस दुसऱ्याच कोणाला मिळालं. पण सोमवारी हॉस्पिटलात सरांच्या सहीची ऑर्डर लागली: लघवीच्या गोळ्या यापुढे फक्त सकाळी. ओपीडीत ते मलाच समजावत होते, "बघा डॉक्टर, किती साधी गोष्ट असते. लक्ष लागतं फक्त."

मी "हो सर" म्हटलं. घरी येऊन उशीवर दोन बुक्के मारले.

नव्या डॉक्टरांना मी एवढंच सांगते. पोस्टरवर नाव कितव्या नंबरला आहे यावरून भांडू नका. शेवटचा परिच्छेद मात्र कोणाला खोडू देऊ नका. आणि पेंटरला मजकूर आधी वाचून दाखवा.