तुदाची हाक

तुदा डोंगरावरच्या मेंढपाळांत वाढली. मेंढरं एका कड्यावर, बाप दुसऱ्या कड्यावर, मधे खोल दरी. तिथं हलक्या आवाजात बोलून भागतच नाही. लग्न होऊन ती खाली नदीकाठच्या गावात आली, तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला.

"अगं बाई, जरा हळू! इथं काय लांडगे हाकायचेत?"

दीर इद्दर तर तिला सरळ 'भोंगा' म्हणायचा. मग तुदा ओठांतल्या ओठांत बोलू लागली. इतकं, की नवऱ्याला, बास्सूला, पुन्हा पुन्हा विचारावं लागे, "काय म्हणालीस?" आपला आवाज म्हणजे अंगावरचा एक डागच, असं तिच्या मनानं घेतलं.

उन्हाळा सरत आला होता. बाजाराचा दिवस. नदीच्या कोरड्या पात्रात पालं पडली होती, बास्सू आणि इद्दर खाली खेचरं विकायला गेले होते. तुदा सासूबरोबर गच्चीवर अंजिरं वाळत घालत होती. गावावर लख्ख ऊन, पण डोंगराचा माथा सकाळपासून काळाठिक्कर. वारा पडलेला. पात्रातली कुत्री एकेक करून काठ चढत होती आणि वर येऊन नदीकडे तोंड करून बसत होती.

"तिकडं वर फार पाऊस झालाय," तुदा पुटपुटली.

"वर झाला तर वर. आपल्याला काय त्याचं?" सासू म्हणाली.

तेवढ्यात वरच्या वळणावर धूळ उठली. वारा नसताना. पाठोपाठ, लांब कुठंतरी प्रचंड जातं फिरावं तशी घरघर. तुदाच्या हातातलं अंजीर गळून पडलं. ती कठड्याशी धावली, ओरडली. पण इतक्या वर्षांचा दबलेला गळा, आवाज चिरकला. खाली इद्दरनं वर पाहिलं, तिची नक्कल केली. चार माणसं हसली.

सासूनं तिची बाही ओढली. "शोभा करू नकोस चारचौघांत!"

तुदाला डोंगर आठवला. दरीपलीकडच्या बापापर्यंत कुणाची हाक पोचायची? तिचीच ना? तिचे थोरले भाऊ घसा फोडायचे तरी त्यांचं ऐकू जायचं नाही; बाप म्हणायचा, तुदाला बोलवा. हा आवाज घरातल्या खोल्यांसाठी नव्हताच. तो अशाच अंतरासाठी होता, आणि तो कसा सोडायचा हे या गावात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

तिनं बाही सोडवली. बाजाराकडे नाही, समोरच्या लाल कड्याकडे तोंड केलं. खालचं गाढव ओरडायचं थांबेतो थांबली. मग पोटापासून हाक सोडली.

"पाऽऽणी! वर चढाऽऽ!"

कड्यानं ती हाक उचलून साऱ्या बाजारावर फेकली. माणसं जागच्या जागी गोठली. आपल्याच डोक्यावरून कुणी बोलल्यासारखं त्यांना वाटलं. मग पळापळ झाली. तुदा हाका मारतच राहिली. म्हातारा मिमून कुंभार काठावर पोचला होता. मडक्यांसाठी परत उतरला.

"मिमूनबाबा, राहू द्या ती मडकीऽऽ!"

त्यानं ऐकलं, हात हलवला, आणि वळणावरून लोंढा आला. काळपट लाल, झाडंच्या झाडं उभी घेऊन. पालं दिसेनाशी झाली. मिमूनही.

बास्सू चिखलानं माखून घरी आला. मागून इद्दर; त्यानं मान वर केली नाही. सासू कोपऱ्यात बसली होती. "अजून पाणी येईल का गं?" तिनं विचारलं. तुदाला ती पहिल्यांदाच काही विचारत होती.

"येईल," तुदा म्हणाली. पुटपुटली नाही. "वर अजून काळंच आहे."

आणि आलं.

मिमूनचं प्रेत खूप खाली सापडलं. त्यानंतर तुदा घरीदारी आपल्या आवाजात बोलू लागली. कुणी तिला हळू म्हटलं नाही. डोंगर काळवंडला की लोक तिच्या दाराशी येऊन विचारतात, "तुदा, उतरू का नदीत?" ती नाही म्हणाली तर बाजार भरत नाही.

पण तिनं मुलांना जेवायला हाक मारली, तरी नदीतली माणसं आधी हातातलं काम टाकतात आणि वरच्या वळणाकडे बघतात.