पाच वेळा जेवणारी बाई

कल्याणहून शीळफाट्याला जाणाऱ्या शेअर रिक्षात ती रोज माझ्या शेजारी असायची. मांडीवर बाळांच्या वजनाचा काटा आणि वर कप्प्यांचा भलामोठा डबा. खड्डा आला की सरकारी काटा गेला उडत, ती आधी डबा धरायची.

मला नसत्या चौकशा फार. एकदा विचारलंच, "ताई, एवढं एकट्या संपवता?"

"पाच वेळा जेवते मी!" ती खळखळून हसली. "पोरांची वजनं वाढवायला जाते नि माझंच वाढतंय."

शीळफाट्याजवळच्या चाळीत काही बायका मुलं घेऊन राहायला आल्यात. तिकडे लांब त्यांच्या गावात दंगल झाली, घरं जाळली. ही आरोग्यसेविका, त्यांच्या मुलांना तपासते. त्या बायका मुलांना भरवतात, पण स्वतः "खाल्लं, खाल्लं" म्हणत उपाशी राहतात. त्यातली एक सात महिन्यांची गरोदर.

"मग मी प्रत्येकीच्या दारातच सांगते, सकाळपासून पोटात काही नाही. डबा माझा, ताटं तुमची. पण मला एकटीला घास जात नाही."

"आणि बसतात त्या?"

"बसणारच! दारात आलेल्या बाईला उपाशी कोण ठेवतं, दादा?"

परवा मात्र मांडीवर नुसताच काटा. मी डब्याचं विचारायच्या आत तीच म्हणाली, "त्या गरोदर बाईनं दम दिलाय, डबा आणायचा नाही. आज ती रांधणार आहे."

मग हळूच म्हणाली, "आज खरंच सकाळपासून काही खाल्लं नाहीये."