झेंड्याचा विटाळ

“माफी माग. माझी नाही, झेंड्याची.”

अमेरिकन मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला. योकोहामाच्या आमच्या ऑफिसची गच्ची. चार जुलै, त्यांचा स्वातंत्र्यदिन. सगळ्यांनी कुटुंबासह यायचं, असा हुकूम. मी गेलो, कारण त्याच महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट वाढायचं होतं. छातीवर हात ठेवून राष्ट्रगीत झालं, देवाची प्रार्थना झाली. मग झेंडा उतरवून घडी घालायची. एक टोक मॅनेजरकडे, दुसरं माझ्याकडे.

तेवढ्यात गच्ची हलली. मोठा भूकंप होऊन दोन वर्षं झाली होती, जमीन अजून अधूनमधून हलायची. माझी आठ वर्षांची मुलगी कठड्याला टेकून उभी होती. मी टोक सोडलं, धावलो, तिला छातीशी धरलं. धक्का थांबला तेव्हा झेंडा जमिनीवर होता.

पोरीला लागलं का, हे त्याने विचारलं नाही. कापड उचललं, झटकलं, त्याला ओठ टेकवले. त्यांच्यात झेंड्याला जमीन लागलेली चालत नाही. ते झटकणं मी ओळखलं. गावच्या शाळेत पंधरा ऑगस्टला मी झेंड्याच्या दोरीला हात लावला होता. गुरुजींनी दोरीवर पाणी शिंपडलं. मी मान खाली घातली होती.

गोखलेसाहेब, आमचे पुण्याचे सीनियर, कानाशी आले.

“सॉरी म्हणून टाक रे. तुम्हा लोकांना कशाचं पावित्र्यच नसतं.”

तुम्हा लोकांना. इथेही.

मी माफी मागत नाही बघून मुलगी पुढे झाली. जपानी शाळेत शिकणारी पोर. झेंड्यापुढे कमरेत वाकली. “गोमेन नासाई,” म्हणाली. बापाच्या वतीने माफी. मॅनेजर समाधानाने हसला. त्या हसण्याची किळस अजून गेलेली नाही.

मी तिला खांद्याला धरून सरळ उभं केलं.

“ती माफी मागणार नाही. मीही नाही. पोरगी पडली असती म्हणून कापड सोडलं. पुन्हा सोडेन.”

कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. महिन्याभरात आम्ही सामान बांधलं. गोखलेसाहेब निरोप द्यायला आले नाहीत, बरंच झालं.

माणूस पडला तर चालतं आणि कापड पडलं की विटाळतं, असला देव कुणाचाही असो, माझ्या गावचा की अमेरिकेचा, मी त्याच्यापुढे वाकणार नाही. माझ्या पोरीला वाकू देणार नाही.