मुलींच्या दाराची कडी

झोटवाड्यात आमच्या गॅलरीखालीच सरकारी शाळेचं आवार आहे. नवऱ्याची रेल्वेत इथे परमुलखात बदली झाली, तेव्हापासून मधल्या सुट्टीत मी तिला बघते. लहरियाची, नागमोडी पट्ट्यांची ओढणी कपाळाखाली ओढलेली ती बाई फाटकातून तडक मुलींच्या संडासापाशी जाते आणि दाराला पाठ लावून उभी राहते, कारण त्या दाराला आतून कडी नाही. एकेक मुलगी आत जाऊन येते. तिची लेकही त्यांच्यातच असते, पण तिला रांगेत पुढे घेतलेलं मी कधी पाहिलं नाही.

यंदाचं अनुदान आलं आणि शाळेने फाटकावर गुलाबी कमान उभारली. मी गॅलरीतल्या गॅलरीत चडफडले. ती मात्र आवारात हेडमास्तरांसमोर जाऊन उभी राहिली.

"माटसाब, पैसा टाबरों की गिनती से आता है ना?" टाबर म्हणजे इथे लेकरं. "तो मेरी छोरी का हिस्सा इस गेट में कहाँ लगा है, दिखा दो."

"अगले साल देखेंगे," हेडमास्तर म्हणाले. मग ती रोज, दाराला पाठ लावूनच, समोरून जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला तेच विचारू लागली.

परवा कडी बसली. मला वाटलं, सुटली बिचारी, आता कशाला येतेय. मधल्या सुट्टीत ती आलीच. आत शिरून तिने कडी लावून पाहिली, खडखड वरपर्यंत ऐकू आली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात आतली कोरडी बादली होती. ती तशीच घेऊन ती हेडमास्तरांच्या खोलीकडे निघाली.