टरबुजाचा बर्फ आणि फ्रीजची किल्ली

त्या एप्रिलात मी टरबुजाशी जितकी भांडले तितकी आयुष्यात कोणाशी भांडले नसेन. विजेच्या लाईनशी आणि आईशी झालेली भांडणं वेगळीच.

आम्ही मालेगावला राहतो, नाशिककडच्या नव्हे, वाशीमकडच्या. घरात दोघीच, आई आणि मी. मी जऊळक्याकडच्या एका शाळेत शिकवते. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते, त्यामुळे बारा-साडेबाराला डोकं भाजून घेत मी स्कूटीवर परत येते. त्या वर्षी मार्च संपता संपता आईला ऊन लागलं. ताप तीन दिवसांत उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. भाकरी समोरून सरकवायची, वरणभाताचे चार घास खायची, माठातलं पाणीही घोटभरच प्यायची. बांगड्या पार कोपराकडे चढायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, थंड रस द्या, सरबत द्या, काहीही द्या, पण पोटात पाणी गेलं पाहिजे; नाहीतर भरती करून सलाईन लावावं लागेल. दवाखान्याचं नाव काढलं की आई भिंतीकडे तोंड करून झोपते. मग मी मनाशी ठरवलं, हिला असं काहीतरी थंडगार करून द्यायचं की नाही म्हणायची सोयच उरू नये.

आंब्याचं केलं असतं तर काम सोपं होतं. पण आमच्या घरी अक्षयतृतीयेच्या, म्हणजे आमच्याकडच्या अकितीच्या, आधी आंबा तोंडात घालत नाहीत. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरायची, त्यांना आमरस-पोळीचं पान वाढायचं आणि मग आपण खायचं. बाबा जाऊन वर्ष व्हायला आलं होतं आणि ही त्यांची पहिलीच घागर होती, म्हणून आंब्याचा विषयसुद्धा मी काढला नाही. टरबुजाला तसलं काही बंधन नाही, असं मी धरून चालले.

कृती मोबाईलवर पाहिली. त्यातली बाई हसत हसत सांगत होती की अगदी पाच मिनिटांचं काम आहे. टरबुजाच्या बिया काढण्यातच माझा अर्धा तास गेला. गर मिक्सरमधून काढायचा, लिंबू, साखर, काळं मीठ आणि पुदिना घालायचा, स्टीलच्या डब्यात ओतून बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा आणि दर तासाला काट्याने खरवडायचा, म्हणजे दगड न होता भुसभुशीत बर्फ होतो. सगळं मान्य. पण दर तासाला खरवडायला आधी ते गोठायला तर हवं! त्या महिन्यात लाईन अकराला जायची ती चारला यायची. पहिल्या दिवशी डबा उघडला तर वर गुलाबी पाणी आणि खाली चोथा. दुसऱ्या दिवशी लाईन अचानक टिकून राहिली आणि मी नेमकी पेपर तपासता तपासता झोपून गेले. उठून पाहते तो विटेसारखा ठोकळा. त्यात घालून मी चांगला चमचा वाकवला. ठोकळा कुटून वाटीत घातला आणि आईपुढे नेला.

"दात शिवशिवतेत माहे," ती म्हणाली.

"अवं, मंग तोंडात धरून ठेव. विरघळते आपोआप."

"राहू दे. मंग खातो."

ते 'मंग' काही उजाडलं नाही. वाटीत पाणी झालं आणि ते मी मोरीत ओतलं.

तिसऱ्या दिवशी साखर वाढवली. चौथ्या दिवशी गुलाबाचं सरबत घातलं, तर सगळ्याला अत्तरासारखा वास यायला लागला. मी इतकी वैतागले होते की वर्गात एका मुलीने फळांची नावं म्हणताना टरबूज म्हटलं आणि मी उगीचच तिच्यावर खेकसले. लाज वाटली, पण राग काही गेला नाही. घरी आले की पहिलं काम फ्रीज उघडायचं. माझ्या चाव्यांच्या जुडग्यात फ्रीजची एक बारकी किल्ली आहे, ती दरवेळी दारावर आपटून वाजायची. तिचं आता काही काम नव्हतं, तरी मी ती काढली नव्हती.

पाचव्या दिवशी जमलं. खरंच जमलं! डबा उघडला तर वर पांढुरकी साय धरल्यासारखा बर्फ, काटा फिरवला की चुरा होऊन येणारा. चाखला आणि मीच माझ्यावर खूश झाले. आई झोपली होती. डबा पुन्हा आत ठेवून मी लिंबं आणायला बाजारात गेले. परत आले तर कप्प्यात डबा नाही.

"आई, डबा कुठं हाय?"

"चाचीले देला."

चाची म्हणजे शेजारच्या घरच्या. त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे आणि आईशी तीस वर्षांची मैत्री. रमजान चालू होता. त्यांचा फ्रीज थंडीतच बंद पडला होता, म्हणून रोजा सोडायला संध्याकाळी आमच्याकडून बर्फ जायचा. त्याला माझं कधीच काही म्हणणं नव्हतं. बर्फाचे दोन ट्रे मी त्यांच्यासाठी वेगळे भरून ठेवत असे.

"बर्फाचे ट्रे व्हते ना! डब्बा कायले देला? तुह्यासाठी केलं व्हतं मी. पाच दिवस झाले, मरून राह्यली मी त्याच्यापायी!"

"तिचा दिवसभराचा रोजा व्हता," आई शांतपणे म्हणाली. "मी तं पाणी पेतोच."

"कुठं पेतं? घोटभर पेतं तू! डॉक्टर भरती करा म्हणून राह्यले, समजते का तुले?"

ती भिंतीकडे वळली. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी इतक्या जोरात घासली की एका पातेल्याचा कान निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाची डबा परत द्यायला आल्या. आमच्या गल्लीत भांडं रिकामं परत जात नाही, तसा त्यांनी त्यात खजूर भरून आणला होता. मी दारातच उभी होते आणि माझं तोंड फुगलेलं त्यांना दिसलंच.

"बेटी, मैंने नहीं मांगा," त्या हळूच म्हणाल्या. "तेरी अम्मा ने जबरदस्ती दिया. मैं बोली तू खा, तो बोली अकिती के बाद खाऊंगी."

"टरबुजाले कायची अकिती, चाची?"

"टरबूज को नहीं, ठंडे को. पहले तेरे बाबा की घागर भरेगी, फिर फ्रीज का कुछ मुंह में डालेगी. तुझे बुरा लगेगा करके नहीं बोली होगी."

त्या गेल्या. मी डबा हातात धरून तशीच ओट्यावर बसले.

बाबांच्या किडन्या गेल्या होत्या. शेवटच्या उन्हाळ्यात त्यांना दिवसभरात मोजून दोन गिलास पाणी होतं, तेही औषधांसकट. बाहेर ऊन आग ओकत होतं आणि ते ओठांवरून जीभ फिरवत बसायचे. एकदा ते भिंतीला धरून फ्रीजपर्यंत गेलेले मला दिसले. त्या दिवसापासून मी फ्रीजला कुलूप लावलं आणि किल्ली जुडग्यात अडकवून शाळेत न्यायला लागले. घरी आले की ते माझ्याकडे बघायचे. "एक खडा दे वं बर्फाचा. एकच." मी नाही दिला. मला वाटायचं, मी त्यांना जगवते आहे. ते गेल्यावर कागद आणायला वाशीमच्या दवाखान्यात गेले, तेव्हा तिथली नर्स बोलता बोलता म्हणाली, कधीमधी बर्फाचा एखादा खडा चोखायला दिला असता तर चाललं असतं, तहान तेवढीच मरते. मी ते आईला येऊन सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. एकटीला पेलवलं नाही म्हणून असेल. आई ते ऐकून उठली आणि माठ भरायला गेली होती.

आता मला कळलं, आणि कळल्यावर रडू यायच्या आधी रागच आला. तिचा, माझा, त्या नर्सचा. मी आत गेले.

"आई, माठाचं चालते ना तुले?"

तिने माझ्याकडे पाहिलं. चाचींनी सांगितलं हे तिला समजलं.

"माठाचं चालते," ती म्हणाली. "त्याईनं माठाचं पेलं व्हतं."

"मंग माठाच्या पाण्यात लिंबू-साखर करून देतो. दिवसातून आठ गिलास. एक बी कमी झाला तं मी अकितीची वाट पाहणार नाही, गाडी बोलावून उचलून नेईन."

"आठ लय होतेत."

"आठ म्हणजे आठ."

शेवटी सहावर सौदा तुटला. मी तिच्यासमोर बसून एकेक गिलास संपवून घेतला, कधी प्रेमाने, बहुतेक वेळा दटावून. दवाखाना टळला.

त्या वर्षी अक्षयतृतीया आणि ईद एकाच दिवशी आली. आदल्या संध्याकाळी मी आंबे पिळले, रस डब्यात घातला आणि लाईन होती तोवर दर तासाला खरवडला. सकाळी नवी घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवलं, पान वाढलं. आमरस वाटीत होताच, तरी मी तो बर्फाळ रसाचा अख्खा डबा पानाशेजारी नेऊन ठेवला. वर बर्फाचा भरलेला ट्रेही आणला.

आईने डबा पाहिला, ट्रे पाहिला.

"एवढं कायले वं?" ती म्हणाली. "त्याईले एकच खडा पाह्यजे व्हता."

आईने घागरीवरचं खरबूज उचलून बाजूला ठेवलं.

"टाक," ती म्हणाली. "तुह्याच हातानं टाक."

मी ट्रेमधला एक खडा काढला आणि घागरीत सोडला. तो वर तरंगत राहिला. विरघळून पुरता दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघी घागरीत बघत बसलो होतो. मग आईने आपली रिकामी वाटी माझ्यापुढे केली.